‘मूकनायक’ ते ‘प्रबुद्ध भारत’ : पत्रांमागील माणसे

प्रस्तावना

मराठी वृत्तपत्रसृष्टीचा इतिहास हा बहुतांशी संपादकांच्या चरित्रांच्या रूपाने लिहिला गेला आहे. बाळशास्त्रींचे ‘दर्पण’, टिळकांचा ‘केसरी’, आगरकरांचा ‘सुधारक’ अशी षष्ठी विभक्ती लावूनच पत्रांची नावे घेतली जातात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पत्रांच्या बाबतीतही हाच प्रघात आहे. ‘मूकनायक’, ‘बहिष्कृत भारत’, ‘समता’, ‘जनता’ आणि ‘प्रबुद्ध भारत’ ही पाचही पत्रे ‘बाबासाहेबांची पत्रे’ म्हणून परिचित आहेत आणि विचारांच्या दृष्टीने ते योग्यही आहे. तथापि या पाच पत्रांपैकी केवळ एकाच पत्रावर संपादक म्हणून त्यांचे स्वतःचे नाव होते, ही गोष्ट अभ्यासकांना ज्ञात असली तरी तिचा अर्थ पुरेसा उलगडला गेलेला नाही. उर्वरित चार पत्रांवर ज्यांची नावे होती ती माणसे कोण होती, ती कोणत्या जातीसमूहांतून आली होती, त्यांना कोणी एकत्र आणले आणि नेता परदेशी असताना पत्र चालविण्याचे काम त्यांनी कसे केले, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

या विचाराला एक सोयीची कसोटी उपलब्ध आहे. आंबेडकर १९२० मध्ये लंडनला गेले तेव्हा ‘मूकनायक’ मागे राहिला. ते १९३० मध्ये पुन्हा लंडनला गेले तेव्हा ‘जनता’ नुकताच निघत होता. पहिले पत्र त्यांच्या अनुपस्थितीत क्षीण होत जाऊन बंद पडले, तर दुसरे त्यांच्या अनुपस्थितीतच जन्मले आणि पंचवीस वर्षे चालले. दोन्ही वेळी लेखणी तीच होती आणि वाचकवर्गही बराचसा तोच होता. मधल्या दहा वर्षांत जे बदलले ते पत्रामागील मंडळ होय.

नाव, कायदा आणि जबाबदारी

पत्रावर नाव कोणाचे छापायचे हा प्रश्न त्या काळी केवळ मानाचा नव्हता. १८६७ च्या मुद्रणविषयक कायद्यानुसार छापील अंकावर मुद्रक व प्रकाशक यांची नावे आणि मुद्रणस्थळ देणे बंधनकारक होते. संपादकाचे नाव छापण्याची सक्ती १९२२ च्या दुरुस्तीने आली. १९१० च्या मुद्रण कायद्याने छापखान्यांकडून व प्रकाशकांकडून जामीन मागण्याचा अधिकार सरकारला मिळाला होता. ‘मूकनायक’ निघाला तेव्हा हा कायदा अमलात होता. अशा स्थितीत अंकावर नाव देणे म्हणजे खटला आणि प्रसंगी कारावास यांची तयारी ठेवणे होय.

अनेकांनी मिळून पत्र चालविण्याची प्रथा मराठीला नवीन नव्हती. जानेवारी १८८१ मध्ये निघालेली ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रे विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, आगरकर, नामजोशी, वामन शिवराम आपटे अशा मंडळींच्या सामूहिक उद्योगाचे फळ होती. कोल्हापूर प्रकरणी १८८२ मध्ये टिळक व आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढावे लागले ते या सामूहिक लेखनाच्या जबाबदारीपोटीच. पुढे मतभेद विकोपाला जाऊन १८८७ मध्ये आगरकर ‘केसरी’तून बाहेर पडले आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ निघाला. परंतु हे मंडळ एकाच शहरातील, एकाच शिक्षणसंस्थेभोवती जमलेले आणि बव्हंशी एकाच सामाजिक स्तरातील होते. छापखाना, वर्गणीदार आणि लिहिणारे हात या तिन्ही गोष्टी त्याला त्या स्तरातूनच मिळत होत्या. अस्पृश्य समाजातील पत्रकर्त्यांकडे यांपैकी एकही गोष्ट आयती नव्हती. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ मध्ये पुण्यात ‘सोमवंशीय मित्र’ काढला. नागपूरकडे किसन फागू बनसोडे यांनी एकामागून एक पत्रे काढून पाहिली. त्यांपैकी एकालाही दीर्घायुष्य लाभले नाही, याची कारणे संपादकांच्या कर्तृत्वात शोधण्याचे कारण नाही.

‘मूकनायक’ : भटकर आणि घोलप

‘मूकनायक’ या पाक्षिकाचा पहिला अंक ३१ जानेवारी १९२० रोजी, शनिवारी, मुंबईत प्रसिद्ध झाला. आंबेडकर त्या वेळी सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होते. सरकारी महाविद्यालयातील नोकरीमुळे त्यांना उघडपणे संपादक होणे शक्य नव्हते. म्हणून पांडुरंग नंदराम भटकर या सुशिक्षित तरुणाचे नाव संपादक म्हणून देण्यात आले. आरंभीचे महत्त्वाचे लेखन मात्र आंबेडकरांचेच होते. पत्र उभे करण्यासाठी राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य दिले आणि महाराजांशी आंबेडकरांची भेट घडवून आणण्यात कोल्हापूरचे दत्तोबा पवार यांचा वाटा होता. म्हणजे पहिल्या अंकामागे एक लिहिणारा, एक नाव देणारा, एक पैसा देणारा आणि एक दुवा सांधणारा अशी चार माणसे स्पष्ट दिसतात.

पहिल्या अंकातील ‘मनोगत’ हा लेख माध्यमसमीक्षा म्हणूनही वाचण्याजोगा आहे. मुंबई इलाख्यातील बहुतेक पत्रे विशिष्ट जातींचे हितसंबंध पाहणारी असून इतरांच्या हिताची त्यांना पर्वा नसते, हे त्यात स्पष्टपणे मांडले आहे. मात्र ‘दीनमित्र’, ‘जागरूक’, ‘डेक्कन रयत’, ‘विजयी मराठा’, ‘ज्ञानप्रकाश’, ‘सुबोध पत्रिका’ या पत्रांत बहिष्कृतांच्या प्रश्नांची वेळोवेळी चर्चा होते, हेही तेथेच मान्य केले आहे. ब्राह्मणेतरांच्या व सुधारकांच्या पत्रांत थोडी जागा मिळत होती. पण ती उसनी जागा होती, आणि उसन्या जागेवर आपला प्रश्न आपल्या क्रमाने मांडता येत नाही. स्वतंत्र पत्राची निकड त्यातून आली. ‘केसरी’ने या पत्राची जाहिरात पैसे देऊ केले असताही छापली नाही, याची नोंद पुढे ‘बहिष्कृत भारता’त आढळते.

मार्च १९२० मध्ये माणगाव येथे परिषद झाली. त्याच महिन्यात आंबेडकरांनी प्राध्यापकपद सोडले आणि जुलैमध्ये अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी ते लंडनला निघून गेले. पत्र अवघे पाच महिन्यांचे होते. संपादकपदाची धुरा भटकरांकडून ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलप यांच्याकडे आली. घोलप हे सामान्य गृहस्थ नव्हते. १९२१ मध्ये मुंबई विधिमंडळावर अस्पृश्य समाजाचे प्रतिनिधी म्हणून त्यांची सरकारनियुक्ती झाली होती. परंतु पत्र चालविण्याच्या पद्धतीवरून त्यांचे आणि आंबेडकरांचे मतभेद झाले. लंडनमध्ये बसलेल्या माणसाला मुंबईतील अंक महिन्याभराने पाहावयास मिळणार, त्यावरील अभिप्राय परत पोचण्यास तितकाच काळ लागणार, आणि दरम्यान दोन-तीन अंक निघून गेलेले असणार, ही अडचण लक्षात घेतल्याशिवाय या मतभेदांचा न्याय करता येत नाही. १९२३ मध्ये ‘मूकनायक’ बंद पडला.

या अपयशाचे खापर घोलपांवर फोडण्याची प्रवृत्ती काही लेखनात दिसते. ती एकांगी आहे. घोलपांच्या पाठीशी संस्था नव्हती, छापखाना नव्हता आणि नियमित लिहिणाऱ्यांचा गटही नव्हता. शाहू महाराजांचे मे १९२२ मध्ये निधन झाले आणि मोठा आधार नाहीसा झाला. एका देणगीवर व एका लेखणीवर उभे राहिलेले पत्र, ती लेखणी दूर गेल्यावर अडीच-तीन वर्षे कसेबसे का होईना निघत राहिले, हेही विचारात घ्यावयास हवे.

एकट्याचे ‘बहिष्कृत भारत’

महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९ व २० मार्च १९२७ रोजी झाला आणि पंधरवड्यातच, ३ एप्रिल १९२७ रोजी, ‘बहिष्कृत भारत’ निघाले. या वेळी संपादक म्हणून स्वतः आंबेडकरांचे नाव होते. आता ते कोणाचे नोकर नव्हते. वकिली, बाटलीबॉय यांच्या संस्थेतील अध्यापन आणि विधिमंडळाचे सभासदत्व अशी तिहेरी कामे सांभाळून ते हे पत्र चालवीत होते. ‘मूकनायक’च्या शिरोभागी तुकोबांचा अभंग होता, तर या पत्राच्या शिरोभागी ज्ञानेश्वरीतील ओव्या आल्या.

विचारवैभवाच्या दृष्टीने हे पत्र पाचांमध्ये सर्वश्रेष्ठ मानले जाते. व्यवस्थेच्या दृष्टीने मात्र ते सर्वांत दुबळे होते. अग्रलेख, ‘आजकालचे प्रश्न’ आणि अन्य स्फुटे मिळून चोवीस-चोवीस स्तंभांचा मजकूर एकट्यालाच लिहावा लागतो, असे त्यांनीच वाचकांना सांगितले होते. संपादनाचा मोबदला घेण्याचा तर प्रश्नच नव्हता. निधीसाठी आवाहने झाली, पण अपेक्षित प्रतिसाद आला नाही. ज्या समाजासाठी पत्र निघत होते त्यात वाचता येणारे थोडे आणि वर्गणी परवडणारे त्याहून थोडे होते. एक अंक अनेकांनी ऐकावयाचा, ही वाचनाची पद्धत प्रसाराला उपकारक असली तरी वर्गणीच्या हिशेबाला मारक ठरते. अंक अनियमित होऊ लागले, जोडअंक काढावे लागले आणि नोव्हेंबर १९२९ मध्ये पत्र थांबले.

तरीही या अडीच वर्षांत एक गोष्ट साध्य झाली. पत्राभोवती आणि चळवळीभोवती माणसे जमली. त्यांपैकी काही १९२४ मध्ये स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेतून आली होती. सभेचे चिटणीस सीताराम नामदेव शिवतरकर हे चर्मकार समाजातील शिक्षक होते. अनंत विनायक चित्रे हे कायस्थ, तर महाड नगरपालिकेचे सुरेंद्रनाथ टिपणीस हेही स्पृश्य समाजातील. गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे हे सोशल सर्व्हिस लीगमधील कार्यकर्ते, जातीने ब्राह्मण. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे मनुस्मृतीच्या दहनाचा ठराव सहस्रबुद्धे यांनी मांडला आणि पां. ना. राजभोज यांनी त्याला अनुमोदन दिले.

या मंडळाची घडण कशी असावी यावर त्याच वर्षी जाहीर वाद झाला होता. ब्राह्मणेतर पक्षाचे केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांनी सत्याग्रहाला पाठिंबा देऊ केला, पण चळवळीत ब्राह्मणांना घेऊ नये अशी अट घातली. आंबेडकरांनी ती ‘बहिष्कृत भारता’तून नाकारली. विरोध ब्राह्मण व्यक्तींना नसून ब्राह्मण्याला आहे, ही त्यांची भूमिका सर्वपरिचित आहे. ती तत्त्वाची म्हणून सांगितली जाते. परंतु तिचा एक व्यावहारिक परिणामही झाला. पुढील काळात आंबेडकरी पत्रांची संपादकपदे ज्यांनी सांभाळली त्यांतील काहीजण या अटीमुळे प्रारंभीच बाहेर राहिले असते.

‘समता’ आणि ‘जनता’ : मंडळाचे पत्र

१९२७ मध्ये समाज समता संघ स्थापन झाला आणि त्याचे मुखपत्र म्हणून २९ जून १९२८ रोजी ‘समता’ निघाले. संपादक देवराव विष्णू नाईक होते. नाईक यांनी यापूर्वी ‘ब्राह्मण ब्राह्मणेतर’ हे पत्र चालविलेले असल्याने छपाईपासून वितरणापर्यंतच्या व्यवहाराचा त्यांना अनुभव होता. ‘समता’ फार काळ चालले नाही. पण संस्थेचे पत्र, नेत्याव्यतिरिक्त अन्य संपादक आणि मिश्र जातींचे लेखकमंडळ हा नमुना त्याने घालून दिला. भारत भूषण छापखान्याच्या रूपाने स्वतःची मुद्रणव्यवस्थाही उभी राहिली होती. छापखाना आपला असणे ही गोष्ट ज्यांनी कधी परक्या छापखान्याच्या दारात अंकासाठी हेलपाटे घातले आहेत त्यांनाच नीट कळेल. पूर्वीचे बिल थकले असले की पुढचा फर्मा यंत्रावर चढत नाही.

ऑक्टोबर १९३० मध्ये आंबेडकर पहिल्या गोलमेज परिषदेसाठी रवाना झाले. परिषद लंडनमध्ये १२ नोव्हेंबरला सुरू झाली आणि २४ नोव्हेंबर १९३० रोजी मुंबईत ‘जनता’चा पहिला अंक बाहेर पडला. संपादक देवराव नाईकच होते. ‘मूकनायक’च्या वेळी ज्या अंतराने पत्राचा घात केला तेच अंतर या वेळी पत्राला उपयोगी पडले. लंडनहून येणारी आंबेडकरांची पत्रे ‘जनता’तून प्रसिद्ध होऊ लागली. परिषदेत काय घडते आहे याविषयी अन्य वृत्तपत्रांतून येणाऱ्या वृत्तांताला वाचकांच्या हाती एक प्रतिवृत्तांत आला. नेता बातमीदार झाला आणि संपादन मंडळाने केले. जबाबदाऱ्यांची ही अदलाबदल आधुनिक मराठी पत्रकारितेत विरळा म्हणावी लागेल. १९३१ मध्ये पाक्षिकाचे साप्ताहिक झाले, तेही आंबेडकर दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी परदेशी असतानाच.

नाईक यांच्यानंतर ‘जनता’चे संपादन भास्कर रघुनाथ कद्रेकर, गं. नी. सहस्रबुद्धे, बापू चंद्रसेन कांबळे, यशवंत आंबेडकर अशा वेगवेगळ्या हातांतून गेले. या नावांतील कद्रेकर यांचा विशेष उल्लेख करणे आवश्यक आहे. आंबेडकरी पत्रांशी त्यांचे नाते दीर्घकाळ टिकले आणि ‘प्रबुद्ध भारत’च्या संपादक मंडळातही त्यांचे नाव आढळते. सभा गाजविणाऱ्या वक्त्यांची चरित्रे लिहिली गेली. दर आठवड्याला मजकूर जमविणे, मुद्रिते तपासणे आणि अंक टपालात पडेल हे पाहणे, या कामाचे चरित्र सहसा लिहिले जात नाही.

‘जनता’च्या काळात चळवळीने राजकीय पक्षाचे रूप घेतले. १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष आणि १९४२ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झाले. पत्र हे पक्षाचे मुखपत्र झाले की त्यातील मतभिन्नतेला जागा कमी होते, हा आक्षेप ‘जनता’लाही लागू पडतो. परंतु पक्षामुळेच त्याला गावोगावचे बातमीदार व वर्गणीदार मिळाले, हेही तितकेच खरे. परिषदांचे वृत्तांत, अत्याचारांच्या तक्रारी, वतने व वेठ यांविषयीची पत्रे यांनी ‘जनता’चे स्तंभ भरले. ‘बहिष्कृत भारता’तील चोवीस स्तंभ एका विद्वानाने भरले होते, येथे ते साध्या माणसांनी भरले. भाषेची पातळी त्यामुळे खाली आली असे कोणी म्हणेल. पण ज्या ‘मूकां’च्या नावाने १९२० मध्ये आरंभ झाला त्यांचे स्वतःचे बोलणे छापले जाऊ लागले ते याच पत्रात.

आंबेडकरांनी भारतीय वृत्तपत्रांवर केलेली टीका याच अनुभवाच्या पार्श्वभूमीवर वाचावी लागते. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात गोखले स्मारक सभागृहात रानडे यांच्या जयंतीनिमित्त केलेल्या भाषणात त्यांनी म्हटले की, पत्रकारिता पूर्वी पेशा होता, आता तो व्यापार झाला आहे, आणि साबण तयार करण्याच्या धंद्याहून अधिक नैतिक जबाबदारी त्यात उरलेली नाही. पत्रे वीरपूजेत रमली आहेत हा त्यांचा मुख्य रोष होता. हे बोलणारा गृहस्थ त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचा सभासद होता आणि त्याच्या स्वतःच्या पक्षाचे साप्ताहिक तेव्हा बारा वर्षांचे झाले होते. वीरपूजेचा मोह ‘जनता’ला सर्वस्वी टाळता आला काय, हा प्रश्न विचारण्यास हरकत नसावी. वर्षावर्षाचे विशेषांक पाहता त्याचे उत्तर निर्विवाद होकारार्थी देता येत नाही.

‘प्रबुद्ध भारत’ आणि नंतर

४ फेब्रुवारी १९५६ रोजी ‘जनता’चे नामांतर होऊन ‘प्रबुद्ध भारत’ निघाले. १४ ऑक्टोबरला नागपूरची धम्मदीक्षा आणि ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण, अशा घटना दहा महिन्यांत घडल्या. या वेळची अनुपस्थिती कायमची होती. पत्राची जबाबदारी संपादक मंडळाकडे आली. त्यात यशवंत आंबेडकर, मुकुंदराव आंबेडकर, दा. ता. रूपवते, शंकरराव खरात आणि भा. र. कद्रेकर यांचा समावेश होता. पाच जणांचे मंडळ, स्वतःचा छापखाना आणि धम्मदीक्षेने जागा झालेला वाचकवर्ग, म्हणजे १९२० मध्ये जे जे नव्हते ते सर्व आता होते. तरीही १९६१ मध्ये पत्र बंद पडले.

ऑक्टोबर १९५७ मध्ये स्थापन झालेला रिपब्लिकन पक्ष दोन वर्षांतच दुभंगला. ‘जनता’चे एकेकाळचे संपादक बा. चं. कांबळे हे एका बाजूला आणि दादासाहेब गायकवाड दुसऱ्या बाजूला अशी स्थिती आली. पक्षामुळे बळ मिळालेले पत्र पक्षाच्या फुटीत सापडणे अपरिहार्य होते. मंडळ हे अनुपस्थितीवर उपाय ठरू शकते, पण मंडळातील माणसांना एकत्र ठेवणारा विषय जेव्हा वादग्रस्त होतो तेव्हा पत्राला वाचविणारे दुसरे काही उरत नाही. १८८७ मध्ये ‘केसरी’च्या मंडळातही हेच घडले होते. तेथे एका गटाने जुने पत्र राखले व दुसऱ्याने नवे काढले. येथे दोन्ही गटांना तेवढे आर्थिक बळ नव्हते.

मंडळातील व्यक्ती पुढे निरनिराळ्या दिशांना गेल्या. शंकरराव खरात यांनी कथा, कादंबरी व आत्मकथन या प्रकारांत मोलाची भर घातली आणि औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरुपदही भूषविले. मराठवाड्यातील प्राध्यापकवर्गाला ते कुलगुरू म्हणून अधिक आठवतात, ‘प्रबुद्ध भारत’च्या मंडळातील सभासद म्हणून क्वचितच. रूपवते राज्याच्या राजकारणात मंत्रिपदापर्यंत पोचले. याच औरंगाबादेत गंगाधर पानतावणे यांनी आंबेडकरांच्या पत्रकारितेवर पीएच.डी.साठी संशोधन केले आणि ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक दीर्घकाळ चालविले. पत्रांमागे मंडळ लागते हे त्यांनी ग्रंथातही अभ्यासले आणि दर तीन महिन्यांनी अनुभवलेही.

‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारत’ यांचे अंक महाराष्ट्र शासनाने १९९० मध्ये वसंत मून यांच्या संपादनाखाली एकत्र प्रसिद्ध केले. त्यामुळे विद्यापीठीय संशोधनाचा ओघ या दोन पत्रांकडेच राहिला, आणि ती दोन्ही मुख्यतः एका लेखणीची पत्रे असल्यामुळे आंबेडकरी पत्रकारिता म्हणजे एकट्याचे लेखन असा समज दृढ झाला. पंचवीस वर्षांच्या ‘जनता’चा विस्तार त्या दोहोंच्या कितीतरी पट आहे. त्यात नाईक, सहस्रबुद्धे, कद्रेकर यांचे लेखन कोणते, बातमीदारांची पत्रे कोणती आणि नेत्याचे लेखन कोणते याची छाननी करणे हे एका प्रबंधाचे काम नाही. मे २०१७ मध्ये ‘प्रबुद्ध भारत’ पुन्हा सुरू झाले. त्याच्या आदल्या वर्षी, जून २०१६ मध्ये, दादर येथील आंबेडकर भवन आणि तेथील बुद्धभूषण छापखान्याची इमारत पाडण्यात आली होती.